उन्हाळ्यातला बर्फ

तुम्ही म्हणता, चेक प्रजासत्ताकातल्या होर्नी ब्लाट्नाजवळची 'लांडग्याची खाण' म्हणजे नुसता खड्डा. पण तो खड्डा जमीन खचून झालाय! १६व्या शतकापासून तिथे कथील खणत होते. खालच्या पोकळ्यांचं छत कोसळलं आणि डोंगराला ही उभी फट पडली. शेजारची 'बर्फाची खाण' अजिबात चुकवू नका. ती अरुंद आहे. हिवाळ्यातली जड, थंड हवा तळाशी साचून राहते, म्हणून उन्हाळ्यातही बर्फ टिकतो. मी कठड्यावर वाकलो तेव्हा गार श्वास थेट तोंडावर आला, आणि शेवाळाच्या कडेला मळकट बर्फ दिसला. कठडा मात्र ओलांडू नका, कडा ठिसूळ आहेत. २०१९ पासून हा परिसर जागतिक वारशात आहे.