ऑपरेशन ऐनवेळी रद्द झालं, तुमच्याकडं कसं झालतं?

परवा आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. रात्री दहानंतर काही खायचं नाही, पहाटेनंतर पाणीपण नाही, म्हणून ती बिचारी कडकडीत उपाशी. सकाळी सातला गाऊन घालून, बांगड्या साबण लावून काढून, हाताला सलाईनची सुई टोचून तयार. आधी नऊ म्हणाले, मग अकरा, मग 'डॉक्टर आत आहेत'. दीड वाजता एक मुलगी आली, म्हणाली आज होणार नाही, इमर्जन्सी आलीय, घरी जावा. एवढंच. भाऊ पुण्याहून रजा टाकून आलेला, मामी डबा घेऊन जिन्यात बसलेली. रद्द झालं याचा राग नाही हो, कुणाचा तरी जीव अडकला असेल, पण साडेसहा तास आम्हाला कुणी धड काही सांगितलं नाही. तुमचं असं झालंय का, कशामुळं, पुढं काय केलंत ते लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, भांडणं नकोत.

----

आमच्या सासऱ्यांचं हर्नियाचं होतं, कागलहून पहाटे गाडी करून आलो. आत घ्यायच्या आधी भूलवाल्या मॅडमनी विचारलं, मामा, सकाळपासून काय घेतलंय? तर हे ऐटीत, 'काय न्हाई, निस्ता कपभर च्या'. शेतकरी माणूस, पाचाला चहा नाही तर त्यांचा दिवसच उगवत नाही, आणि त्यांच्या हिशोबात चहा म्हणजे खाणं नव्हेच. मॅडमनी त्यांना सरळ लिस्टमधून काढलं. सासरे लई तापले, कपभर च्यासाठी आप्रेशन मोडता व्हय! मग मॅडमनी शांतपणे सांगितलं की दूध पोटात गेलं की ते अन्नच, त्याला सहा तास सोडावे लागतात, नुसतं पाणी असतं तर दोन तासांत भागलं असतं, आणि भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरलं तर जीवावर बेततं. पुढच्या खेपेला सासूबाई पहाटे चारपासून गॅसपाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या.

----

आमचं तर नदीनंच रद्द केलं. ऑगस्ट २०१९, वडिलांचा गुडघा बदलायचा होता, आम्ही शिरोळ तालुक्यातले. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, त्या साली पाणी ५५ च्याही वर गेलं. शिरोलीला हायवेच पाण्यात, कोल्हापुरात शिरायला वाट नाही, आणि गुडघ्याचं सामान बाहेरून येणार होतं ते वाटेत ट्रकमध्ये अडकलेलं. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा आम्ही वडिलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं शाळेत हलवत होतो, ऑपरेशन कुणाच्या डोक्यात असणार! दिवाळीनंतर झालं एकदाचं. २०२१ ला परत पूर आला तेव्हा मात्र वडील नव्या गुडघ्यानं आमच्या आधी माडीवर जाऊन बसले होते.

----

मोतीबिंदू. तीनदा. दोनदा शुगर, एकदा डोळा आलेला. चौथ्यांदा कुणाला सांगितलंच नाही, गुपचूप जाऊन करून आलो.

----

मुलीचे टॉन्सिल्स होते, सहा वर्षांची. आदल्या रात्री नाक वाहायला लागलं, आम्ही म्हटलं किरकोळ आहे, जाऊया. डॉक्टरांनी छातीला स्टेथो लावला आणि चार आठवडे पुढं ढकललं. सर्दी बरी झाली तरी पोरांची श्वासनळी काही आठवडे चिडलेली राहते म्हणे, भुलेत आवळून यायची भीती. ते पटलं, पण ऑपरेशननंतर आईस्क्रीम मिळणार असं कबूल केलेलं, त्यामुळं पोरगी रंकाळा तलावापर्यंत रडत आली. शेवटी घरी खिमट खाऊन झोपली.

----

मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, काम करते, बारा वर्षं झाली, या कारणानं भरपूर शिव्या खाल्ल्यात म्हणून लिहिते. लिस्ट आदल्या संध्याकाळी लागते. लहान मुलं आणि शुगरवाले आधी, कारण त्यांना जास्त उपाशी ठेवता येत नाही. पू झालेल्या केस शेवटी, कारण त्यानंतर सगळी खोली धुऊन काढावी लागते. मधेच सिझर आलं, बाळाचे ठोके पडायला लागले, की लिस्ट बाजूला. किंवा पहिल्याच केसला आत सगळं चिकटलेलं निघतं आणि तासाचं काम तीन तास चालतं. आयसीयूत बेड नाही, जुळणारं रक्त आलं नाही, हेपण होतंच. पण वर आईचं लिहिलंय ते खरंय, शेवटच्या दोन केस आज होत नाहीत हे आत आम्हाला बऱ्याचदा दहा-अकरालाच कळलेलं असतं आणि बाहेर जाऊन सांगायचं कुणी यावर सगळे एकमेकांकडं बघतात. 'कधी होईल' असं विचारू नका, त्याला 'होईल' हेच उत्तर मिळतं. आमचा कितवा नंबर आणि आता कितवी केस चाललीय असं विचारा. उशीर होणार असला तर घोटभर पाणी चालेल का तेपण भूलतज्ज्ञांना विचारायला सांगा, कितीदा तरी हो म्हणतात.

----

ताई, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आमच्या दादांचं प्रोस्टेटचं होतं, कमरेत इंजेक्शन देऊन. हृदयात स्टेंट बसवलेला, रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेलची गोळी आदल्या रात्रीपर्यंत चालू, आणि आम्ही फॉर्मवर लिहिलेलं 'बीपीची गोळी', कारण आमच्या घरात प्रत्येक गोळीला बीपीचीच गोळी म्हणतात. टेबलावर घ्यायच्या आधी डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि डोक्याला हात लावला. रक्त पातळ असताना मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साठलं तर पाय लुळे पडू शकतात. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर बंद ठेवली, मग झालं. आपल्या मनानं मात्र बंद करू नका, स्टेंट नवा असेल तर ते त्याहून वाईट. आता आम्ही तोंडी काही सांगतच नाही, सगळी पाकिटं पिशवीत घालून टेबलावर ओततो.

----

आमचं कागदात अडकलं. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून होणार होतं, काकांचं नाव रेशन कार्डावर बाळू आणि आधारवर बाळासाहेब. मंजुरी येईना, योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र भला माणूस पण तो तरी काय करणार. काका वॉर्डात पडून आणि मी तहसीलला. तीन चकरा झाल्या. ॲडमिट व्हायच्या आधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून नावं वाचा, एवढंच सांगतो.

----

सगळ्यांचे आभार. आज जाऊन भेटले, नंबर कितवा असं विचारल्यावर रजिस्टर उघडलं हो लगेच! बुधवारी दुसरा नंबर दिलाय. इमर्जन्सी आली तर बाहेर येऊन सांगू असंही म्हणाले, बघू. हे सगळं आईला वाचून दाखवलं, ती हसून हसून दमली आणि आता विचारतेय की बिनदुधाचा चहा चालतोय काय ते त्या ओटीतल्या ताईंना विचार.