प्रतिसाद: मशीनपेक्षा मास्कवर वेळ घालवा

सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) कुठलं घ्यावं, असं इथे कुणी विचारलंय आणि सगळा खल त्यावरच चाललाय, पण लोक कंटाळून सोडतात ते बहुधा मास्कपायी. मास्क खुर्चीत बसून पसंत करू नका. आडवे व्हा, दाब चालू ठेवा, कुशीवर वळा. डोळ्यांकडे हवा फुसफुसते ती तेव्हाच कळते. पट्टे आवळत बसाल तर गळती थांबायची नाही, वर नाकावर वळ उठतील. माप बदलून घ्या. मिशी असेल तर सील नीट बसतंय का तेही बघा. झोपेत तोंड उघडं राहतं? मग फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं, साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात चालतं. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. रोजची गळती आणि एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा) न दाखवणारं मशीन मी तरी घेणार नाही.