घरी जुळवलेल्या पीसीला दहा हजारांचं विंडोज कशाला?

सुटेभाग_सम्राट: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घासाघीस करून ५५ हजारांत पीसी जुळवला. आता विंडोज ११ होमचा पेटीबंद परवाना दहा हजारांच्या घरात! ऑनलाइन विंडोज ११ प्रोची की, म्हणजे परवान्याचा कोड, सहाशेला मिळते. मित्राची चालू आहे, अपडेटही येतात. मी तर तीच घेणार. कुणाला काय म्हणायचंय ते म्हणा.

खडूस_काका: म्हणतोच. माझी सहाशेची की आठ महिने टिकली. एके दिवशी सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'. विकणाऱ्याला मेल टाकावा तर दुकानच गायब. अशा बऱ्याच की कुठल्या तरी कंपनीने अनेक मशीनसाठी एकगठ्ठा घेतलेल्या व्हॉल्यूम परवान्यातून फुटलेल्या असतात. रद्द झाली की बसा बोंबलत.

सुटेभाग_सम्राट: काका, जर्मनीत वापरलेले परवाने उघड विकतात. युरोपच्या न्यायालयानेच मान्य केलंय.

कलम_कीडा: २०१२ चा युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल निकाल म्हणतोयस ना? त्यात आधीच्या मालकाने स्वतःची प्रत निकामी करायची अट आहे. तुझ्या सहाशेवाल्याने ती पाळलीय हे कोण सांगणार? आणि तो निकाल युरोपीय संघापुरता. लॅमिंग्टन रोडला नाही चालत.

पेंग्विनराव: विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, विषय संपला. शून्य रुपये.

दुकानदार_सांगली: राव, टॅली काय तुम्ही येऊन चालवणार का?

रात्रपाळी_गेमर: आणि व्हॅलोरंट गेम? त्याचं चीटिंग पकडणारं अँटी-चीट लिनक्सवर चालतच नाही. त्यापेक्षा की न टाकताच विंडोज वापरा. कोपऱ्यात पुसट अक्षरं राहतात, सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, एवढंच.

कलम_कीडा: चालतं म्हणजे परवाना मिळाला असं नाही हो.

जुना_मदरबोर्ड: सगळे किमतीवरच अडलेत. स्वस्त ओईएम परवाना, म्हणजे नव्या मशीनबरोबरच येणारा, पहिल्या मशीनला चिकटतो. मदरबोर्ड बदलला की तो गेला. रिटेल, म्हणजे पेटीबंद, जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो. मी २०१६ ला विंडोज १० ची रिटेल की घेतली. तेव्हा बायको म्हणाली, एवढ्यात फ्रिजचा हप्ता गेला असता! पण त्यानंतर दोनदा मदरबोर्ड बदलला, तोच परवाना लागला, आणि ११ त्याच्यावर फुकट चढलं. घरी पीसी जुळवणारा माणूस बोर्ड बदलणारच, तो काय गप्प बसणाराय? त्याने दहा हजारांचा हिशेब एकाच मशीनवर न धरता पुढच्या सगळ्या बोर्डांवर धरावा.

सम्राट, मित्राच्या मशीनवर विंडोज-आर दाबून 'एसएलएमजीआर', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'डीएलआय' टाक (अर्थात इंग्रजीत). रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम, खिडकीतच दिसेल.

सुटेभाग_सम्राट: पाहिलं. व्हॉल्यूम, पुढे एमएके, म्हणजे काका म्हणाले तोच एकगठ्ठा प्रकार. सहाशेची लिंक त्यानेच पाठवली होती. तरी दहा हजार जास्तच आहेत, यावर मी ठाम आहे.

खडूस_काका: ठाम राहा. आधी मित्राला बॅकअप घ्यायला सांग.