भिंतीला तडा: रोलरमुळे की काळ्या मातीमुळे?

रामबागकर
इंदुरात मेट्रोचे काम, रस्ते रुंदीकरण, ड्रेनेजची खोदाई सुरू झाली की घरातल्या प्रत्येक तड्याचे खापर मशीनवर फुटते. माझ्या मते बहुतेक तडे काळ्या मातीचे असतात. ही माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसते. ओलाव्याचा फेरफार साडेतीन मीटर खोलवर जाऊ शकतो, मग दीड मीटरवर थांबलेला पाया हलणारच. उन्हाळ्यात कडेची माती आधी सुकते, कोपरे खचतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो, वर रुंद आणि खाली बारीक. पावसाळ्यात तोच तडा मिटू लागतो. केवळ हादऱ्याने पडलेला तडा सहसा असा ऋतूप्रमाणे उघडझाप करत नाही.

हातोडी
अजिबात पटत नाही. आधी मशीन कोणते ते बघा. मेट्रोच्या खांबांचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे पाये, फिरत्या यंत्राने खोदले तर हादरा कमीच असतो. घातक आहेत ते व्हायब्रेटरी रोलर आणि दगड फोडणारा ब्रेकर. रोलर सुरू किंवा बंद होताना त्याची कंपने १०-१५ हर्ट्झमधून (सेकंदाला १०-१५ कंपने) जातात. बैठ्या-दुमजली घराची स्वतःची डोलण्याची वारंवारता त्याच्याच आसपास असते, म्हणून घर त्या क्षणी सर्वांत जास्त डोलते. ऑपरेटरने घरासमोर येण्याआधीच व्हायब्रेशन बंद करणे ही साधी गोष्ट आहे, पण ती होत नाही!

रामबागकर
मग आकडा द्या. खाणीतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये घरांजवळ जमिनीच्या कंपनाच्या वेगाला ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी, तर २५ हर्ट्झच्या वर १५ मिमी अशी मर्यादा घातली. रोलर काही मीटरवर नसेल तर एवढा हादरा पोचणे अवघड. शिवाय ऊन विसरू नका. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की सुमारे ३ मिमी लांबतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या अगदी खाली आडवा तडा दिसला तर तो तापमानाचा.

हातोडी
सुरुंग क्षणात संपतो, रोलर दिवसभर चालतो. तीच मर्यादा दोघांना लावता येत नाही. राजवाड्याच्या आसपासच्या लाकडी चौकटीच्या, मातीच्या जुडाईच्या घरांचे तर सोडाच, जुन्या संवेदनशील वास्तूंना त्याच नियमात ८ हर्ट्झखाली फक्त २ मिमी आहेत. आणि मातीने आधीच ताणलेली भिंत थोड्या हादऱ्यानेही फाटते. म्हणजे दोष दोघांचा.

जोते
दोघांनाही पुरावा हवा ना? मग काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक तड्याचा स्केल लावून, तारखेसह फोटो घ्या. तड्यावर पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवा. पट्टी तुटली तर भिंत हलली. रुंदी दर पंधरवड्याला लिहा. वर्षभर लिहिले तर ऋतूची चाल दिसते. काम चालू असतानाच एकदम उडी आली तर दावा भक्कम.

रामबागकर
मान्य, पण तोवर मे महिन्यात तडा सिमेंटने ठासून भरू नका. पावसाळ्यात माती फुगली की तो मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवा तडा पडतो. १० मिमीची खाच कापून त्यात लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरा. त्याआधी गळके ड्रेनेज चेंबर दुरुस्त करा आणि जोत्याभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उताराचा कोबा घाला.

हातोडी
कोबा घालाच. पण रोलर दारासमोर असेल तेव्हा जोत्यावर हादरे मोजणारे यंत्र लावून द्यायची मागणी ठेकेदाराकडे आधी, लेखी करा. काम संपल्यावर मोजायला काही उरत नाही.