गांबिया इतका अरुंद का?

प्रश्न: नकाशावर पश्चिम आफ्रिकेतला गांबिया म्हणजे सेनेगलच्या पोटात शिरलेली नदीकाठची चिंधी वाटते. ब्रिटिश जहाजावरून तोफेचा गोळा जिथवर पोचला तिथवर सीमा, ही गोष्ट खरी का?

प्रतिसाद १: ती दंतकथा. सीमा १८८९ च्या ब्रिटिश-फ्रेंच कराराने ठरली: नदीच्या दोन्ही बाजूंना साधारण १० किमी. म्हणून आतल्या भागात सीमारेषा नदीबरोबर वळणं घेते आणि मुखाकडे सरळ होते. ब्रिटिशांना जमीन नको होती, नदी हवी होती. समुद्रावरून जहाजं थेट आत नेता येत. त्याआधी हा प्रदेश फ्रान्सला देऊन बदल्यात दुसरा घ्यायची बोलणीही झाली होती, पण फिसकटली.

प्रतिसाद २: या आखणीचा खरा जाच सेनेगलला. त्याचा दक्षिणेकडचा कासामान्स भाग राजधानी डाकारपासून तुटला. गांबियातल्या फराफेनीला नदी ओलांडायला मालट्रक फेरीबोटीसाठी ताटकळत. तिथला पूल थेट २०१९ मध्ये खुला झाला. १९८२ ते १९८९ दोन्ही देशांचा सेनेगांबिया महासंघ होता, तोही टिकला नाही.

प्रतिसाद ३: शेतीचंही बघा. जमीन इतकी सपाट, की कोरड्या ऋतूत खारं पाणी नदीतून २०० किमीच्या वर आत घुसतं. खालच्या भागात पावसाने मीठ धुऊन गेल्याशिवाय भात लावता येत नाही. पाऊस लांबला की रोपं करपतात. भरतीने चढणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यावर भात होतो तो जांजानबुरे गावाच्या आसपास, बराच आत. उंचवट्यावर भुईमूग. वसाहतकाळापासून नगदी पीक मुख्यतः तेच, त्यामुळे तांदूळ बाहेरून आणावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता: आणि गांबियाची राजधानी बांजुल?

प्रतिसाद १: १८१६ मध्ये गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी नदीच्या मुखावर वसवलेलं बॅथर्स्ट. देशाला स्वातंत्र्य १९६५ ला, शहराचं नाव बदलून बांजुल झालं १९७३ ला.