पीएचपी: एस्केपशेलआर्गमुळे फाइलच्या नावातली मराठी अक्षरं गळतात, ते काढून टाकू का?

नारायणपेठकर
अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्याची साइट मी सांभाळते. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेची पीडीएफ अपलोड करतं आणि सर्व्हर ‘पीडीएफटूपीपीएम’ चालवून नमुन्याचं चित्र काढतो. फाइलचं नाव एस्केपशेलआर्गमधून (नावातली खास चिन्हं निरुपद्रवी करणारं पीएचपीचं फंक्शन) घेऊन एक्झेकला (बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) देते. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. सर्व्हरवर मात्र ‘कुलकर्णी-पत्रिका’ दिलं की नुसतं ‘-’ आणि एक्स्टेन्शन उरतं. एस्केपशेलआर्ग काढलं की नावं नीट पोहोचतात. काढून टाकलं तर चालेल का?

कोथरूडचा सर्व्हरवाला
कृपा करून काढू नका! ती फाइल अनोळखी माणूस पाठवतोय. नावात अर्धविराम टाकून पुढे दुसरी कमांड लिहिली, तर शेल (कमांडची ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्राम) तीही चालवेल, आणि तुमच्या सर्व्हरवर सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत.

अक्षरं गळतात ती लोकॅलमुळे, म्हणजे भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगमुळे. सर्व्हरवर पीएचपी बहुधा ‘सी’ या साध्या मूळ लोकॅलमध्ये चालतंय. तिथे देवनागरीचे बाइट अवैध ठरतात आणि एस्केपशेलआर्ग ते गुपचूप गाळतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, म्हणून हे लवकर सापडत नाही. सेटलोकॅलने एलसी_सीटाइपला (लोकॅलचा अक्षरांपुरता भाग) यूटीएफ-८ वालं, म्हणजे देवनागरी ओळखणारं, लोकॅल द्या आणि उत्तर ‘फॉल्स’ येत नाही ना ते तपासा. ते लोकॅल सर्व्हरवर नसेल तर काहीच बदलत नाही.

पण माझं ठाम मत असं की इथे शेल मध्ये आणूच नये. पीएचपी ७.४ पासून प्रोक_ओपनला (हेही कमांड चालवणारं फंक्शन) कमांड ॲरे म्हणून देता येते: पहिला घटक प्रोग्राम, पुढचा प्रत्येक घटक एकेक आर्ग्युमेंट (प्रोग्रामला दिलेली माहिती). लिनक्सवर तो ॲरे जसाच्या तसा प्रोग्रामच्या हाती पडतो. नावात स्पेस असो, ‘&’ असो की अवतरणचिन्ह, त्याचा अर्थ लावायला मध्ये कुणी नसतं.

नारायणपेठकर
ॲरेने मराठी नावं नीट गेली, मनापासून आभार! आता ‘-’ ने सुरू होणारं नाव दिलं तर पीडीएफटूपीपीएम चुकीचा ऑप्शन म्हणून आपली मदतच छापतो.

कोथरूडचा सर्व्हरवाला
हे कुठल्याही एस्केपिंगने सुटत नाही. आर्ग्युमेंट अचूक पोहोचलंय, प्रोग्रामच त्याला ऑप्शन समजतोय. बरेच प्रोग्राम ‘--’ नंतरचं सगळं नाव म्हणून घेतात, पण सगळे नाही. फाइलचा पूर्ण पाथ द्या, म्हणजे आर्ग्युमेंट ‘/’ ने सुरू होईल. त्याहून बरं म्हणजे डिस्कवर फाइल तुम्ही दिलेल्या क्रमांकाने ठेवा आणि गिऱ्हाइकाचं नाव डेटाबेसमध्ये. पत्रिकेवरचं नाव कमांडपर्यंत जायची गरजच काय?

सदाशिव पेठ, विंडोजवाला
छापखान्यातल्या विंडोज मशीनवर हेच चालवणार असाल तर एक भर घालतो. तिथे नव्या प्रोग्रामला ॲरे मिळत नाही, एकच लांब ओळ मिळते आणि ती प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने तोडतो. बॅच फाइल (कमांडची यादी असलेली फाइल) असेल तर सीएमडी (विंडोजचा शेल) मध्ये येतो, त्याचे नियम आणखी निराळे. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट (दुसरी एक प्रोग्रामिंग भाषा) आणि पीएचपी दोघांनाही याच कारणाने सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली, आणि पीएचपीची ती अपुरी पडल्याने जूनमध्ये पुन्हा एक. तेव्हा पीएचपी अद्ययावत ठेवा, बॅच फाइल टाळा आणि थेट ईएक्सईच चालवा.