कोकणच्या विमानांना पावसाळी वेळापत्रक का नको?

सड्यावरचा

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. आता तारखा पुढेमागे होतात, पण पद्धत तीच. गाडी उशिरा पोचणार हे तिकीट काढतानाच कळतं, माणूस तशी सोय करून निघतो. रत्नागिरी-निवसर दरम्यानच्या पानवल पुलावर आणि गोव्यात मांडवी, झुआरीच्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं बसवली आहेत. वारा मर्यादेबाहेर गेला की गाडी रोखतात. त्यावर कुणी भांडायला उठत नाही.

विमान कंपन्यांचं वर्ष मात्र दोनच मोसमांचं. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर एक वेळापत्रक, उरलेले महिने दुसरं. म्हणजे मे महिन्याचं रणरणतं ऊन आणि आषाढातली झोड एकाच वेळापत्रकात. चिपीच्या सड्यावर, म्हणजे सिंधुदुर्गचं विमानतळ आहे त्या उघड्या पठारावर, आषाढात उभं राहून बघा. छत्री उघडली की काड्या वर होतात, पाऊस आडवा येतो, समोरचं कुंपण दिसत नाही. त्या हवेत दुपारी अमुक वाजून पाच मिनिटांनी विमान टेकेल असं छापणं म्हणजे लोकांना फसवणं आहे.

माझी मागणी साधी आहे. जून ते सप्टेंबर चिपी आणि गोव्यातल्या मोपा विमानतळासाठी वेगळं, मोकळं वेळापत्रक लावा. दोन फेऱ्यांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा. हवामान खात्याचा इशारा असेल तर रद्द करण्याचा निर्णय आदल्या संध्याकाळी सांगा. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही. पैसे परत नाहीतर दुसरं विमान, एवढाच नियम. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते पैसे घेऊन माणसाने करायचं काय? रेल्वे भरलेली, रात्रीच्या बसचे भाव दुप्पट.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला दुबईहून आलेलं विमान पावसात, पाठच्या वाऱ्यात उतरलं. अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं आणि टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण तिथूनच करायचं होतं, त्याचं दडपण वैमानिकाच्या मनावर होतं, असं चौकशी अहवालाने नोंदवलं आहे. घट्ट वेळापत्रक माणसाच्या डोक्यात बसतं ते असं.

इंधन_आणि_मार्ग

असहमत. उड्डाणांचं नियोजन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रेल्वेची तुलना इथे लागू पडत नाही. गाडी वाऱ्यात हळू चालवता येते, उभी करता येते. विमानाचं उलटं. उतरताना वारा झोतांनी येत असेल तर वैमानिक वेग थोडा वाढवून ठेवतो, कारण झोत एकाएकी पडला की पंखांची उचल तेवढीच एकाएकी कमी होते. वेग जास्त म्हणजे थांबायला धावपट्टी जास्त, आणि पावसात ती ओली. ही कोंडी वेळापत्रक सैल केल्याने सुटत नाही.

आता आडवा वारा. एटीआर-७२ हे पंख्यांचं छोटं विमान चाचण्यांमध्ये साधारण ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं आहे. ए-३२० हे मोठं जेट झोतांसकट ३८ नॉटमध्ये. धावपट्टी ओली असली की कंपन्या हा आकडा खाली आणतात. पाठचा वारा मात्र बहुतेक विमानांना १० ते १५ नॉटच्या वर चालत नाही. म्हणूनच धावपट्टीची दिशा ठरवताना वर्षातला निदान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहील असं बघण्याचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, पावसाळ्यात विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात आणि समुद्राकडचा वारा बराचसा समोरून घेतात. समोरचा वारा मदतच करतो. जुलैतला नेहमीचा जोरदार वारा आम्हाला भीती घालत नाही.

भीती असते ती जमिनीजवळ अचानक पलटणाऱ्या वाऱ्याची. मोठ्या ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. विमान त्यात शिरताना समोरचा वारा वाढतो, वेग वाढल्यासारखा वाटतो. काही सेकंदांत तोच वारा पाठून येतो आणि विमान खाली बसतं. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला असंच झालं, १३७ बळी गेले. त्यानंतर विमानतळांजवळ वाऱ्याचा वेग टिपणारं डॉप्लर रडार आणि विमानांत इशारा देणारी यंत्रं आली, आणि असे अपघात खूपच घटले. असे ढग आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर उठतात, म्हणजे मे आणि ऑक्टोबर. तुमचं जून ते सप्टेंबर वेळापत्रक नेमके तेच महिने सोडतं.

आणि उशिराचं मूळ बहुतेक वेळा मुंबईत असतं. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे रुतलं, ती कित्येक दिवस बंद राहिली. कोकणातल्या वेळा कितीही सैल करा, मुंबई अडली की सगळं अडणार.

दादर_ते_कुडाळ

वरचं सगळं वाचलं, पटलंही. पण प्रवाशाला यातलं काय सांगितलं जातं? "ऑपरेशनल कारणास्तव." वारा आहे, दिसत नाहीये, की विमानच मुंबईहून निघालं नाही, एवढं तरी सांगा. माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गावी न्यायचं होतं, म्हणून विमान घेतलं. दर अर्ध्या तासाला अर्धा तास पुढे ढकलत शेवटी संध्याकाळी रद्द. सकाळीच सांगितलं असतं तर गाडी करून निघालो असतो.

सावंतवाडी_ट्रॅव्हल्स

सड्यावरच्या दादांना सांगतो, फेऱ्या कमी करा म्हणणं सोपं आहे. जिल्ह्याला विमान मिळायला किती वर्षं गेली? ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झालं, तोवर अख्खी पिढी म्हातारी झाली. पावसाळ्यात फेऱ्या कमी केल्या की कंपनी म्हणेल प्रवासीच नाहीत, आणि विमान दुसऱ्या शहराला देईल. मोपा जवळ आहेच, लोक तिकडे वळतील आणि चिपी ओस पडेल. उशीर परवडला, पण विमानच नसलं तर आमच्यासारख्यांनी काय विकायचं?

मालवणी_जाळं

आमच्याकडे बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी बाहेर पडत नाही. वारो सुटलो की होडी वर ओढूची, ह्या आमका कोणी शिकवूचा लागणा नाय. नोव्हेंबर २००९ च्या फयान चक्रीवादळात खोल समुद्रात असलेल्यांपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही, किती घरं उघडी पडली ते किनाऱ्यावर विचारा. तिकिटवाल्यांचं म्हणणं ऐकवत नाही. धंदा बुडेल म्हणून इशारा उशिरा द्यायचा, हे समुद्रावरही केलेलं आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे.

इंधन_आणि_मार्ग

भाऊ, विमानाच्या बाबतीत इशारा उशिरा दिला जात नाही. वैमानिकाकडे हवामानाचा ताजा अहवाल असतो, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन असतं, त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव असतं. हवा बिघडली तर तो उतरत नाही, परत जातो. डोक्यावर आवाज ऐकून लोक म्हणतात "आलं होतं, उतरलं का नाही?" न उतरणं हीच सुरक्षितता आहे.

सड्यावरचा

वैमानिक परत जातो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझं भांडण कंपनीच्या कार्यालयाशी आहे.

तौक्ते आठवा. १४ मे २०२१ ला चक्रीवादळ झालं, किनाऱ्याला समांतर वर सरकणार हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं. १७ तारखेला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्या दिवशी मुंबई विमानतळ सकाळी ११ ला बंद केला, तो आधी दुपारी २ पर्यंत, मग ४, मग ६, मग ८, शेवटी रात्री १०. वादळ तीन दिवस दिसत होतं, मग लोकांना दोन-दोन तासांचे तुकडे का? आदल्या रात्री "उद्या दिवसभर नाही" म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

मे आणि ऑक्टोबरचा मुद्दा घेतो. त्या महिन्यांत कोकणच्या फेऱ्या सकाळी लावा. हेही मोकळं वेळापत्रकच झालं. फेऱ्या कायमच्या कमी करा असं मी कुठेच म्हटलं नाही, दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवा म्हटलं.

इंधन_आणि_मार्ग

आदल्या रात्री ठरवण्यातली अडचण 'निसर्ग' चक्रीवादळाने दाखवली. ३ जून २०२० ला सगळे मुंबईकडे डोळे लावून बसले होते, वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. मुंबईवर त्यामानाने कमी आलं.

दिवेआगरची_सुपारी

मुंबईवर कमी आलं, आमच्यावर आलं. सुपारीची बाग एका दुपारी आडवी झाली, नवी झाडं अजून धरायची आहेत. आणि "कमी आलं" म्हणताय त्याच दिवशी मुंबईत एक मालवाहू विमान ओल्या धावपट्टीवरून पुढे घसरलं होतं. नंतर विमानतळ काही तास बंदच ठेवावा लागला. मग आदल्या रात्री बंद ठेवला असता तर काय चुकलं असतं?

विशाखा_ते_वेंगुर्ला

एक वेगळा मुद्दा. ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाने विशाखापट्टणमच्या विमानतळाचं छत उचकटलं, सेवा कित्येक दिवस बंद होती. तेव्हा मी तिथे नोकरीला होते. शहराला मदत हवी होती त्याच दिवसांत विमानतळ निकामी. चिपी आणि मोपा दोन्ही उघड्या पठारावर आहेत, आडोसा नाही. वेळापत्रकाबरोबर छताचे पत्रे, काचा, उभ्या विमानांना बांधायच्या जागा यांची तपासणी दर मे महिन्यात होते का, हेही विचारायला हवं.

इंधन_आणि_मार्ग

हा प्रश्न योग्य आहे. उभं हलकं विमान जोराच्या वाऱ्यात तोंड फिरवतं, पंखे बांधून ठेवावे लागतात. शक्य असेल तर वादळाआधी विमान दुसरीकडे हलवणं सगळ्यात चांगलं.

दादांच्या मागणीतलं एवढं मान्य करतो: चक्रीवादळाचा इशारा असेल तर निर्णय आदल्या संध्याकाळी घ्यावा, दिवसभराचा घ्यावा. रोजच्या पावसाळी झोडीला मात्र नाही. झोड तासा-दोन तासांत ओसरते, तिच्यासाठी आदल्या रात्री दीडशे माणसांचा प्रवास रद्द करायला मी सही करणार नाही.

सड्यावरचा

मग चक्रीवादळापुरता तो नियम लेखी येऊ दे. झोडीसाठी निदान कारण खरं सांगा, आणि चतुर्थीच्या आठवड्यात मुंबई-चिपी फेरीला एक विमान राखीव ठेवा. पालकमंत्र्यांना द्यायच्या निवेदनात हे तीन मुद्दे घालतो आहे. सावंतवाडी ट्रॅव्हल्स, राखीव विमानाला तरी तुमची हरकत नसावी.

सावंतवाडी_ट्रॅव्हल्स

राखीव विमानाला हरकत नाही. फेऱ्यांमधलं अंतर वाढवायला आहे, आणि ती राहील.